चूक पोटात घाला

जळगावात एका साड्यांच्या दुकानाच्या वर क्लास चालतो, तिथे मी इंग्रजी व्याकरण शिकवते. दुकान मारवाडी शेठजींचं, वरचा हॉलही त्यांचाच. लग्नसराईत खाली एवढी गर्दी होते की मुलांना जिन्यातले साड्यांचे गठ्ठे ओलांडत वर यावं लागतं. मुलं यावल, नशिराबाद, धरणगावहून एसटीने येतात. कुणाला तलाठी व्हायचंय, कुणाला पोलिसात जायचंय, आणि झाडून सगळ्यांचं घोडं इंग्रजीपाशी येऊन अडतं.

आमच्याकडे वर्ड फॉर्म्स नावाचा एक धडा आहे. एक शब्द घ्यायचा आणि त्याचं सगळं खानदान फळ्यावर मांडायचं. नाम कोणतं, क्रियापद कोणतं, विशेषण कोणतं, त्यातून माणसाला लावायचा शब्द कोणता. उदाहरण ठरलेलं असायचं, डिसिप्लिन. हा क्लासचालकांचा लाडका शब्द. व्याकरण शिकता शिकता पोरांना थोडी शिस्तही लागेल अशी त्यांची भाबडी समजूत होती. शिस्त लागायची नाही, पण शब्द मात्र पाठ व्हायचे. डिसिप्लिन म्हणजे शिस्त. डिसिप्लिन्ड म्हणजे शिस्तीत राहणारा. डिसिप्लिनेरियन म्हणजे दुसऱ्यांना शिस्त लावत फिरणारा, ज्याच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं. डिसिप्लिनरी हे विशेषण. ते एकटं कधी येत नाही, समिती, चौकशी, कारवाई असलं काहीतरी बरोबर घेऊनच येतं. आणि डिसिप्लिन हे क्रियापदही आहे म्हटलं की पोरं वह्यांतून डोकी वर काढायची. क्रियापद झाल्यावर त्याचा अर्थ बहुतेक वेळा शिक्षा करणे असाच होतो, हे काही त्यांना पटायचं नाही. मागच्या बाकावरचा एखादा म्हणायचाच, "मॅडम, मग शिस्त वेगळी अन् शिक्षा वेगळी कशाला ठेवली आपण?" मी म्हणायचे, परीक्षेत हा प्रश्न येत नाही, पुढे लिहा.

शेवटी मी आणखी एक अर्थ सांगायचे. डिसिप्लिन म्हणजे विद्याशाखाही. कायदा ही एक शाखा, शेतकी ही एक, नर्सिंग ही एक. माझी धाकटी बहीण धुळ्याला नर्सिंगला आहे, शेवटच्या वर्षाला, हे मी तिथे कारण नसताना घुसडायचे. मुलांना कळायचं की मॅडम घरचं कौतुक सांगतायत. कौतुक होतंच, का सांगू नये? आमचे वडील ती अगदी लहान असताना गेले. आईने दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला. घरात जी कोणी पहिली सरकारी दवाखान्यात पांढरे कपडे घालून उभी राहणार होती, ती हीच. तिला नोकरी लागली की आईला कापूस वेचायला जावं लागणार नाही, एवढा सरळ हिशेब होता.

हल्ली मी त्या धड्याला दुसरा शब्द घेते. ब्युटी, ब्युटिफुल, ब्युटिफाय. मुलांना तोच जास्त आवडतो.

झालं ते असं. बहिणीची ड्यूटी असलेल्या वॉर्डात एका म्हाताऱ्या पेशंटचा मुलगा डॉक्टरांच्या अंगावर धावून गेला. अरे-तुरे झालं, शिव्या झाल्या. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि संध्याकाळपर्यंत धुळ्यातल्या प्रत्येक ग्रुपवर ते फिरत होतं. विद्यार्थिनींना वॉर्डात फोन न्यायची सक्त मनाई. दवाखान्याची अब्रू गेली म्हणून कॉलेजवर वरून ओरड आली, आणि कॉलेजला कुणीतरी एक हवं होतं. माझ्या बहिणीच्या फोनमध्ये तो व्हिडिओ सापडला. सापडणारच. माझ्याही फोनमध्ये होता, आमच्या शेठजींच्या फोनमध्येही होता.

तिने मला नोटिशीचा फोटो पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. रडत नव्हती, पण आवाज अगदी बसलेला. "अक्का, हे डिसिप्लिनरी कमिटी म्हणजे काढून टाकतात का गं?" मी म्हटलं, "काढून टाकतील कशाला? विचारतील, तू सांग, झालं." मीच रोज शिकवत होते की हे विशेषण एकटं येत नाही. पण घरावर बेतलं की शिकवलेलं सगळं बाजूला राहतं, आणि माणूस म्हणतो, होईल सगळं नीट.

त्या दिवशी मी तो व्हिडिओ पाहायला बसले तो पाहतच राहिले. भांडणारा मुलगा, डॉक्टर, मध्ये पडलेले दोघे-तिघे. पहिल्यांदा तेवढंच दिसतं. मग कडेला बघायला लागले. डाव्या बाजूला एका खाटेशी एक विद्यार्थिनी पाठमोरी उभी आहे. सलाइनचा स्टँड मोडका असावा, कारण बाटली तिने हातात उंच धरलीय आणि मान वळवून ती भांडणाकडे बघतेय. चेहरा दिसत नाही. पण बाटली धरलेला डावा हात दिसतो, आणि तो कोपरात सरळ होत नाही. लहानपणी माझी बहीण कापसाने भरलेल्या बैलगाडीवरून पडली होती. गावातल्या हाड बसवणाऱ्याने कोपर बसवलं, ते वाकडंच बसलं. तेव्हापासून तिचा डावा हात कधी पूर्ण ताठ होत नाही. शाळेत कवायतीच्या वेळी गुरुजी तिला ओरडायचे, हात सरळ कर, सरळ कर, आणि मी पुढच्या रांगेतून सांगायचे, गुरुजी, होत नाही तिचा.

तिला फोन लावला. "बाटली धरून तूच उभी होतीस ना?" ती म्हणाली, "हो ना. अर्धा तास धरली होती, हात भरून आला माझा." मी खुर्चीतून उठलेच. जी व्हिडिओत दिसतेय ती व्हिडिओ काढत नव्हती, हे सिद्ध करायला वकील लागत नाही. समितीपुढे जायचं, व्हिडिओ दाखवायचा आणि तिने डावा हात वर करायचा. बास. चौकशी तिथल्या तिथे संपते. मी तिला काय बोलायचं ते तीन-चार वाक्यांत बसवून दिलं आणि फोनवर पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. वेड्यासारखी खूश होते मी. शेजारच्या काकूंना चहा दिला.

नोटिशीत लिहिलं होतं, पालकासह हजर राहावे. तिथेच घात झाला.

आई घाबरून आबांकडे गेली. आबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यावर आमचं घर त्यांनी धरून ठेवलं. आमच्या फिया, माझं बी.एड., बहिणीचा प्रवेश, सगळ्याला ते उभे राहिले. उपकार कधी बोलून दाखवले नाहीत. आणि गावात त्यांची ओळख वेगळीच. बैठकीतला माणूस. कुठे बांधावरून जुंपली, कुणाची लेक माहेरी परत आली, कुणाची म्हैस कुणाच्या कपाशीत शिरली, की आबांना बोलावणं. धरणगावच्या पलीकडच्या गावांतूनही बोलावणं यायचं.

आमच्याकडच्या बैठकीची रीत सांगितली पाहिजे, नाही तर पुढचं कळायचं नाही. दोन्हीकडची माणसं सतरंजीवर समोरासमोर बसतात. खरं काय घडलं हे कुणी फारसं विचारत नाही. विचारायला गेलं की शब्दाला शब्द वाढतो आणि उकरून उकरून आजोबांपर्यंत जातं. म्हणून जो शहाणा तो आधी उठतो, टोपी काढतो, हात जोडतो आणि म्हणतो, चूक झाली, पोटात घाला. मग ती चूक त्याची असो नाहीतर नसो. समोरच्याने हात जोडलेले बघितले की दुसऱ्या बाजूला पुढे काही बोलता येत नाही. बोललाच तर गाव त्याला नावं ठेवतं. मग चहा येतो. चहा प्यायला की विषय मेला, तो पुन्हा काढणं हलकटपणा. आबांनी अशी कितीतरी घरं मोडता मोडता वाचवली. त्यांची टोपी कितीदा निघाली असेल, आणि त्यातल्या एकाही वेळी चूक त्यांची नव्हती.

मला हे माहीत होतं, म्हणूनच मी लगेच त्यांना फोन केला, आमच्या अहिराणीत. "आबा, तठे काहीच कबूल करानं नही. तिनी काहीच करेल नही. मनाकडे पुरावा शे."

"तू कसाले घाबरस?" आबा म्हणाले. "मी शे ना."

"आबा, ती बैठक नही. ती चौकशी शे. तठे हात जोडात ना, की..."

"तू शिकेल शे पोरी, तुले कायदा समजस. पन मानसं आठेबी मानसंच, अन् तठेबी मानसंच ना?"

मी आणखी समजावलं. ते हो हो म्हणत राहिले. आबांचं हो हो म्हणजे काय ते मी लहानपणापासून ओळखते. ठरवलं की आपण त्यांच्या आधी पोचायचं आणि त्यांना दाराबाहेर अडवायचं.

धुळ्याला पोचले तर कॉलेजच्या फाटकासमोर क्रूझर उभी. त्यातून आबा उतरले, आणि त्यांच्या मागून गावातले पाच-सहा म्हातारे, सगळे धुतलेल्या टोप्यांत. बैठकीला एकट्याने जात नाहीत, जितकी वजनदार माणसं तितका समोरच्याचा मान. वर टपावर केळीचा एक घड बांधलेला, समितीच्या मॅडमना द्यायला. मला बघून आबांना इतका आनंद झाला की मला काय बोलावं कळेना. बहीण फाटकाच्या आत इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये उभी होती आणि घड बघून तिने डोळे मिटून घेतले.

समितीच्या बाईंनी सांगितलं, पालक एकच, आणि प्रवेशाच्या अर्जावर पालक म्हणून आबांचंच नाव होतं, त्यामुळे त्यांना दाराबाहेर अडवणं राहूनच गेलं. म्हाताऱ्यांना व्हरांड्यात बाकावर बसवलं, केळी शिपायाने कोपऱ्यात ठेवली. मी म्हटलं, मी सख्खी मोठी बहीण, नोटीस इंग्रजीत आहे, मला आत येऊ द्या. त्यांनी दिलं. माणूस म्हणून बाई वाईट नव्हत्या. थकलेल्या दिसत होत्या. टेबलापलीकडे त्या, शेजारी दोन सर आणि टोकाला लिहून घेणारा कारकून. अलीकडे आम्ही तिघं. माझ्या हातात फोन, फोनवर तो व्हिडिओ बरोबर त्या जागी थांबवून ठेवलेला.

बाई नोटीस वाचायला लागल्या. "सदर विद्यार्थिनीने वॉर्डात मोबाइल नेऊन..."

एवढंच झालं, आणि आबा उठले.

मी त्यांचा सदरा धरला. हो, धरला, पुतणीने चुलत्याचा सदरा चारचौघांत धरला. "आबा, थांबा ना." त्यांनी मागे न बघता हात हलवून मला गप्प केलं. टोपी काढली. मी आबांना परक्या माणसांसमोर उघड्या डोक्याने पाहिलेलं नव्हतं. बैठकीत आम्ही बायका नसतो. मधे टक्कल, कडेला चार पांढरे केस, आणि टोपीमुळे उन्हापासून वाचलेलं ते कपाळ, कुणाचं तरी दुसऱ्याचंच वाटावं इतकं गोरं.

"मॅडम, चूक व्हई गयी," आबा म्हणाले. "पोरगी शे, लहान शे. आते पुढलं वाचूच नका. आम्हले बठ्ठं मान्य शे. पोटमा घाला अन् तिले पदरमा ल्या."

दोन सरांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांना सुटल्यासारखं झालं असावं. एवढं लवकर आवरेल असं त्यांना वाटलं नसेल. मी जवळजवळ ओरडलेच, "मॅडम, तिने काढलेला नाही. ती स्वतः व्हिडिओत आहे, हे बघा, हा हात बघा तिचा..." बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पालक मान्य करतायत आणि तुम्ही नाही म्हणता. आधी तुमच्यात ठरवून यायचं ना?" मग त्या बहिणीकडे वळल्या. "तूच सांग. तू काढलास?"

मी तिच्याकडे बघत होते. हात वर कर, म्हणत होते मनात, नुसता हात वर कर, पुढचं मी बघते. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ती आबांकडे बघत होती. आबा अजून हात जोडून उभे होते, टोपी दोन्ही तळव्यांमध्ये धरलेली, आणि मान थोडी तिच्याकडे वळवून तिला धीर देत होते. पोरी, आता झालंच, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. ती नाही म्हणाली असती तर हा उघड्या डोक्याचा माणूस पाच जणांसमोर खोटा पडणार होता.

"हो मॅडम," ती म्हणाली.

कारकुनाने लिहून घेतलं. आबांनी सही केली, वळणदार, नावाखाली रेघ ओढून. पेन परत देताना हसून म्हणाले, "चहा मांगाडा मॅडम, चहा मना." चहा मागवा, पैसे माझे, असं ते म्हणत होते. बाईंना समजलं नाही. मला त्या क्षणी आबांचा एवढा राग आला होता की ते समोर मेले असते तरी मी हलले नसते, आणि हे मी आज लिहितेय तरी तो राग पुरता गेलेला नाही.

चहा आला नाही. आबा व्हरांड्यात आले, टोपी घातली, म्हाताऱ्यांना म्हणाले, "मिटनं. बठ्ठं मिटनं." सगळ्यांचे चेहरे फुलले. चहाशिवाय कसं जायचं, म्हणून त्यांनी तिथल्या शिपायालाच हाताला धरून बाहेरच्या टपरीवर नेलं. तो नको नको म्हणत होता. त्याला कट चहा पाजला, बरोबर केळीही दिली. आबांच्या लेखी कॉलेजने चहा प्यायला होता.

मी आत परत गेले. बाई एकट्याच होत्या. मी फोन त्यांच्यापुढे ठेवला आणि दारात उभ्या असलेल्या बहिणीला म्हटलं, "हात वर कर." आता तिने केला. कोपर वाकडं राहिलं. बाईंनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. चष्मा काढून डोळे चोळले. "मला दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण कबुली लिहून झाली. तिचीही, त्यांचीही. दोघा सरांसमोर. मी वर काय सांगू, की कबूल केलं पण मी मानत नाही? तुमच्या वडीलधाऱ्यांना पाच मिनिटं दम धरवला नाही का?" मग खालच्या आवाजात म्हणाल्या की आदेश निघाल्यावर अपील करता येतं, थोडे दिवस असतात. पण पालकाने लिहून द्यावं लागेल की माहिती नसताना बोललो, मुलीने काही केलेलं नाही. "नुसत्या तुमच्या अर्जाला काही अर्थ नाही."

आदेश आठवड्याच्या आत आला. कॉलेजातून नाव कमी. इंग्रजीत होता, आणि त्यात तो शब्द क्रियापद म्हणून आला होता. मी तो पुन्हा पुन्हा वाचला, चुकून दुसरा काही अर्थ निघतो का म्हणून. शिकवणारीला सवय असते ना, एका शब्दाचे दोन-तीन अर्थ काढायची. नाही निघाला.

बहीण सामान घेऊन माझ्याकडे जळगावला आली. गावी तिला कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं असं नाही. गावात कुणाला काही माहीतच नव्हतं. आबांनी सगळीकडे सांगितलं होतं की मिटलं. मी अपिलाचा कागद तयार केला. इंग्रजीत माझा, मराठीत आबांचा, नुसती सही हवी. तिला वाचून दाखवला तर ती म्हणाली, "अक्का, हे म्हणजे आबा खोटं बोलनात असं लिखनं पडी ना?"

"मग बोलले नाहीत का खोटं?"

"माझ्यासाठी बोलले."

"तुझ्यासाठीच बोलले आणि तुझंच वाटोळं केलं!" मी ताडकन म्हणाले. "तीन वर्षं वॉर्डात उभी राहिलीस. रात्रपाळ्या केल्यास. आई अजून कापूस वेचतेय. आणि तुला त्या टोपीचं पडलंय?"

तिचं हे गप्प बसणं मला सहन होत नव्हतं. रडली असती तर मी जवळ घेतली असती. ती उठली आणि माझी भांडी घासायला लागली, घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली. मी क्लासला गेले. फळ्यापुढे उभी राहिले आणि काय शिकवायचं होतं तेच आठवेना. पोरांना म्हटलं, आज वाचन करा. ती आज्ञाधारकपणे वाचत बसली आणि मी खिडकीतून खालच्या रिक्षा बघत राहिले. एरवी मी कुणाला तसं बसू देत नाही.

मी काय काय केलं ते सगळं सांगत बसत नाही. वॉर्डाच्या सिस्टर इन-चार्जना भेटले, त्या म्हणाल्या, पोरगी सोन्यासारखी आहे, पण मला यात ओढू नका. तिच्या मैत्रिणींना फोन केले, फोन उचलेनात. खरा व्हिडिओ कुणी काढला ते कुणालाच शोधायचं नव्हतं, कारण चोर सापडला होता आणि त्याने कबूलही केलं होतं. एका पुढाऱ्याच्या ऑफिसात बसून आले. सगळीकडून फिरून तिथेच येत होते. आबांची सही.

अपिलाची मुदत संपायला आली तशी मी बहिणीला घेऊन गावी गेले. येणार नव्हतीच ती, मी ओढत नेली. आबा ओट्यावर बसून दोरी वळत होते. आम्हाला बघून त्यांना आनंद झाला, घरात हाक मारून त्यांनी पाणी मागवलं. बहिणीला म्हणाले, "सुट्टी शे का अजून?" ती म्हणाली, "हा आबा." मी तिच्याकडे बघितलं. एवढे दिवस ती हेच सांगत आली होती. फोनवर रोज.

मग मी सांगितलं. सगळं, हळूहळू, त्यांच्या बोलीत, एकही इंग्रजी शब्द न वापरता. की तिला काढून टाकलंय. की तिने काही केलेलं नव्हतं. की तुम्ही हो म्हणालात म्हणून ती हो म्हणाली. की ते शहर, ती माणसं, हात जोडलेल्या माणसाला सोडत नाहीत, उलट लिहून घेतात. बोलताना माझा आवाज चढला, आणि मी थांबवलाही नाही. आई आतून दारात येऊन उभी राहिली.

आबांच्या हातातली दोरी थांबली. मग म्हणाले, "पन त्या शिपाईनी आमनासंगे चहा पिधा ना?"

"आबा, तो शिपाई होता."

"पन पिधा ना?"

मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. मराठीत वाचून दाखवला. माहिती नसताना बोललो, मुलीची चूक नाही. पेन दिला. त्यांनी तो घेतला नाही. "एकदाव हा म्हनी दिधं पोरी. आते ना कसं म्हनू? मानसं काय म्हनतीन?"

"आबा, तिचं आयुष्य चाललंय!"

"चाललं काय म्हनून?" त्यांनी दोरी बाजूला ठेवली आणि गुडघ्यांवर हात देऊन उठले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सुटल्यासारखं झालं होतं, जणू चूक सापडली. "हात जोडामा काही कमी पडनं व्हई. त्या दिनले घाई व्हई गयी, मीबी उभाच राहिनू. आते खाले बसी त्यासना पाय धरसू. सरपंचले लेसू, वरल्या आळीना नानाले लेसू. बठ्ठा जाऊत." आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी अंगणातूनच क्रूझरवाल्याला हाक मारली, उद्या सकाळी गाडी पाहिजे, दोन पाहिजेत.

मी कागद हातात धरून उभी होते. आई तोंडाला पदर लावून आत गेली. आबा खुंटीवरची टोपी झटकत बहिणीला म्हणाले, "पोरी, बॅग भर तुनी. यावेळे तुले तठेच सोडी येसू."

मी तिच्याकडे बघितलं. नाही म्हण, म्हटलं मनात, एकदा तरी नाही म्हण.

ती "हा आबा" म्हणाली, आत गेली, आणि तिने युनिफॉर्म घडी करून बॅगेत ठेवला.